तासाभराचा समुद्र

पुंटा गोर्डाच्या धक्क्यावर ग्वाटेमालाला जाणारी लाँच सुटण्याआधी एक वही फिरते. नाव, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व. मी ‘भारतीय’ लिहिलं आणि वही पुढे दिली. माझ्या पुढच्या बाईंनी टपोऱ्या अक्षरात ‘बेलीझियन’ लिहिलं. पन्नाशीच्या पुढच्या, उंच, गडद काळ्या वर्णाच्या, डोक्याला चौकड्यांचा रुमाल बांधलेल्या. पायाशी कापडात गुंडाळलेली मोठी टोपली.

पुंटा गोर्डा हे मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या दक्षिण टोकाचं गाव. तिथे त्याला सगळे नुसतं ‘पीजी’ म्हणतात. आभाळ स्वच्छ असलं की समोर ग्वाटेमालाचे डोंगर दिसतात. तिथे काढलेल्या तीन दिवसांत मला एका गोष्टीची सवय झाली होती. भाजीवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे मला तिथलीच समजायचे आणि थेट क्रिओल बोलीत सुरुवात करायचे. कारण या भागात ईस्ट इंडियन समाज आहे. एकोणिसाव्या शतकात ऊस मळ्यांवर आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांचे हे वंशज. त्यांची भाषा केव्हाच गेली, पण रश्शाला ते अजून ‘तकारी’ म्हणतात. आपली तरकारीच ती. माझ्या चेहऱ्यावरून लोकांनी माझा समाज ठरवला आणि समाजावरून देश. पहिला अंदाज बराचसा बरोबर होता, दुसरा साफ चूक.

आणि तरीही त्या बाईंकडे वळून मी तेच केलं. विचारलं, “तुम्ही क्रिओल ना?”

“नाही,” त्या म्हणाल्या. रागाने नाही, पण ठाम. “मी गारिफुना.”

लाँचमध्ये आम्ही शेजारी बसलो. पुढचा तासभर इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी जे सांगितलं, त्यासाठी हा लेख लिहिते आहे. मी त्यांना इथे मावशी म्हणते. मनातल्या मनात तेव्हाच म्हणायला लागले होते.

बेलीझचे क्रिओल म्हणजे इंग्रजांनी महोगनीची झाडं तोडायला आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे आणि त्या इंग्रज लाकूडतोड्यांचे वंशज. गारिफुनांचे पूर्वजही आफ्रिकेतलेच. बाहेरून आलेल्या माणसाला दोघांत फरक दिसणार नाही. पण भाषा वेगळी, देवधर्म वेगळा, चूल वेगळी. “आमचे लोक कधी कुणाचे गुलाम नव्हते,” मावशी म्हणाल्या. हे वाक्य मला पुढच्या आठवड्यात आणखी चार जणांनी ऐकवलं.

गोष्ट कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावर सुरू होते. सतराव्या शतकात गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकी माणसं तिथे पोचली. कुणी फुटलेल्या जहाजांतून, कुणी शेजारच्या बेटांवरच्या मळ्यांतून पळून. तिथले मूळ रहिवासी कॅरिब. त्यांच्यात ही माणसं मिसळली, लग्नं झाली, मुलं झाली आणि मुलं तिथली भाषा बोलायला लागली. म्हणून आजही गारिफुना ही आफ्रिकी भाषा नाही. ती आरावाक कुळातली, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची भाषा आहे. तिच्यात कॅरिब शब्द आहेत आणि बरेच फ्रेंचही. पुरुषाला ‘मी’ म्हणायचं असेल तर ‘आउ’, बाईला म्हणायचं असेल तर ‘नुगुया’. मावशींनी बोटांवर आकडे मोजून दाखवले: आबान, बियामा, उरुवा, गादुरू, सेंगू. पहिले तीन जुने. चारपासून पुढे फ्रेंच, ‘कात्र’चं गादुरू आणि ‘सँक’चं सेंगू.

इंग्रजांना बेटावर ऊस हवा होता आणि जमीन यांच्याकडे होती. लढाया झाल्या. गारिफुनांचा सरदार जोसेफ चाटोयर मार्च १७९५ मध्ये मारला गेला. आता सेंट व्हिन्सेंटने त्याला राष्ट्रीय वीर मानलं आहे. पुढच्या वर्षी शरणागती आली आणि इंग्रजांनी हजारो लोकांना बालिसो नावाच्या उजाड बेटावर नेऊन ठेवलं. अन्नपाणी धड नाही, त्यात साथ. निम्म्याहून अधिक माणसं तिथेच मेली.

तिथे जे घडलं ते ऐकताना मी वही मिटली. इंग्रजांनी कैद्यांची रंगावरून निवड केली. कातडी उजळ ती माणसं ‘पिवळे कॅरिब’, त्यांना सेंट व्हिन्सेंटला परत जाऊ दिलं. कातडी काळी ते ‘काळे कॅरिब’, त्यांना हद्दपार. बोली एक, देव एक, जेवण एक, आणि सोयरीक तर होतीच. हाकिमाने फक्त वर्ण पाहिला आणि एका समाजाचे दोन तुकडे केले. उरलेल्या सुमारे २००० जणांना जहाजांत भरून एप्रिल १७९७ मध्ये होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर सोडलं. तिथून ते किनाऱ्याकिनाऱ्याने होंडुरास, निकाराग्वा, ग्वाटेमाला, बेलीझमध्ये पसरले. तेव्हा हे देश असे नव्हतेच. सीमा नंतर आल्या आणि यांच्या गावांमधून गेल्या.

मावशींचं आडनाव स्पॅनिश आहे. बेलीझ इंग्रजांची वसाहत होती, १९८१ साली स्वतंत्र झाला, तिथली सरकारी भाषा इंग्रजी. तरीही तिथल्या गारिफुनांची आडनावं बहुतेक स्पॅनिशच, कारण ते होंडुरासमार्गे आले. आपल्याकडे कुणी भेटलं की आडनाव विचारायचं, मग गाव विचारायचं आणि माणूस कुठला ते ताडायचं, ही आपली रीत. ती इथे पार कोलमडते.

नदीचं मुख दिसलं आणि लाँच मंदावली. लिव्हिंग्स्टन. ग्वाटेमालाच्या मुख्य भूमीवरच असलं तरी उरलेल्या देशातून इथे यायला रस्ता नाही, पाण्यानेच यावं लागतं. गारिफुना त्याला ‘लाबुगा’ म्हणतात. पासपोर्टवर शिक्का बसला आणि आजूबाजूची भाषा स्पॅनिश झाली. धक्क्यावर मावशींची धाकटी बहीण उभी होती. लग्न होऊन ती तीसेक वर्षांपूर्वी इकडे आली. तोच रुमाल, तीच जिवणी. दोघी गारिफुनात बोलायला लागल्या आणि मी मघापासून जिला ‘दुसरा देश’ समजत होते ती रेघ पुसली गेली.

आता पाहा. थोरली बेलीझची, इंग्रजी शाळेत शिकलेली; तिला कुणी लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी, म्हणणार नाही. धाकटी स्पॅनिश बोलणाऱ्या देशाची नागरिक, ती आफ्रो-लॅटिनो. आई एक, बाप एक. वंश तोच, समाज तोच, फक्त मध्ये तासाभराचा समुद्र.

मराठीत या सगळ्याला आपण सरसकट ‘वंश’ म्हणून मोकळे होतो. वंशाचा दिवा, सूर्यवंश आणि गोरा-काळा वंश, सगळं त्याच एका शब्दात. मला स्वतःला वेगळं करायला लिव्हिंग्स्टनच लागलं. वंश ही बघणाऱ्याने अंगावरून ठरवलेली गोष्ट. समाज म्हणजे कुणात वाढलो, कुठली भाषा, कुठलं अन्न, मेल्यावर कुठल्या ढोलावर आपल्याला निरोप देतात. आणि राष्ट्रीयत्व म्हणजे कुठलं सरकार पासपोर्ट देतं. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत ‘तुम्ही कोणत्या लोकांपैकी’ या एकाच प्रश्नाला माया, गारिफुना, शिंका (तिथलाच आणखी एक मूळ समाज), आफ्रोवंशीय किंवा क्रिओल, लादिनो (स्पॅनिश बोलणारे मिश्र वंशाचे) आणि परदेशी असे पर्याय होते. तिन्ही गोष्टी एकाच रांगेत. त्यातल्या त्यात चांगलं हे की ‘गारिफुना’ आणि ‘आफ्रोवंशीय’ यांना वेगळे रकाने होते. हा वेगळेपणा शोभेचा नाही. २०१५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने होंडुरासमधल्या दोन गारिफुना वस्त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो त्यांच्या सामूहिक जमिनीच्या हक्कावर. काळा वर्ण दाखवून जमीन मिळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका जागी एका रीतीने राहिलेला समाज म्हणून तो हक्क मिळतो.

धाकटीच्या घरी मागच्या पडवीत भाकरीची तयारी चालली होती. टोपलीत थोरलीने आणली होती तीच, एरेबा. ताजी कशी करतात ते मला बघायचं होतं. कसावाचे कंद सोलून लाकडी फळीवर किसायचे. फळीत बारीक दगडाच्या कपच्या ठोकलेल्या असतात. कीस रुगुमा नावाच्या लांबलचक विणलेल्या नळीत भरायचा. नळी वर टांगायची, खालच्या टोकाला दांडा घालून त्यावर माणसाने बसायचं, की ती ताणली जाऊन अजगरासारखी आवळते आणि पांढरट पाणी निथळतं. ते पाणी विषारी, म्हणून हा सगळा खटाटोप. मग कोरडा पडलेला कीस चाळायचा आणि रुंद लोखंडी तव्यावर पसरून भाजायचा. कडा उलथण्याने सारख्या करायच्या. पातळ, कडक, पांढरी भाकरी. महिनोन्‌महिने टिकते. ढोल आणि मासे यांच्यासारखी हीसुद्धा प्रत्येक गारिफुना घरात सापडते, मग ते चारांपैकी कुठल्याही देशात असो.

मी चाळणीतला भुगा बोटांत धरला आणि हाताने ओळखला. आपला साबुदाणा याच कंदाचा. मी सांगितलं की आमच्याकडे हा उपासाला खातात. दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग थोरलीने विचारलं, “देवासाठी?” मी हो म्हटलं. “आमच्याकडेही पूर्वजांना देतात,” ती म्हणाली आणि तव्यावरचा एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

जेवताना धाकटीच्या मुलाचा विषय निघाला. तो न्यूयॉर्कला ब्राँक्समध्ये असतो. तिथे होंडुरासच्या गारिफुनांची मोठी वस्ती आहे. तो स्पॅनिश बोलला की लोक चमकतात, नाही बोलला की त्याला आफ्रिकन-अमेरिकन धरतात. अमेरिकेच्या जनगणनेत हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश भाषिक मुळाचे) आहात का हा एक प्रश्न आणि वंश कोणता हा दुसरा, असं अनेक वर्षं होतं. मार्च २०२४ मध्ये तिथल्या सरकारने दोन्ही एकत्र करायचं ठरवलं, एकाहून अधिक खुणा करायची मुभा ठेवून. आफ्रो-लॅटिनो अभ्यासकांपैकी काहींनी याला विरोध केला, आणि मला त्यांचं पटतं. ‘काळा’ आणि ‘लॅटिनो’ हे शेजारी शेजारी पर्याय म्हणून मांडले की ते परस्परविरोधी वाटायला लागतात. तो मुलगा तर जन्मापासून दोन्ही आहे, शिवाय तिसरंही, ज्याला तिथे सरळ रकाना नाही.

मला आपले सिद्दी, आफ्रिकेतून इथे आलेल्यांचे वंशज, आठवत होते. मुरूडचा जंजिरा शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलेला असतो, मलिक अंबर इतिहासाच्या पुस्तकात असतो. पण उत्तर कन्नडच्या जंगलात कोकणी बोलणारे सिद्दी आज आहेत, आणि त्यांना आपल्याच देशात ‘तुम्ही कुठल्या देशाचे?’ असं विचारलं जातं. धक्क्यावरचा माझा प्रश्न त्याच जातीचा होता. पुन्हा कुणाला तो विचारवणार नाही.

तीन दिवसांनी मावशी आणि मी एकाच लाँचने परत निघालो. पुन्हा वही, पुन्हा रकाने. धाकटी धक्क्याच्या टोकाशी आली होती. दोर सुटला, मध्ये पाण्याची पट्टी रुंदावत गेली.

“आयो!” ती ओरडली.

“आयो!” मावशींनी लाँचमधून उलट हाक दिली आणि रुमाल सोडून हलवला. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मीही हात वर करून तेच म्हटलं.