‘थोडीशी खडी आहे’ असं कोणी सांगितलं तर

आम्ही काहीजण मोटरसायकलींवरून निघालो होतो. या घाटाबद्दल ज्याला ज्याला विचारलं त्याचं उत्तर एकच: थोडीशी खडी आहे, बाकी रस्ता एक नंबर. बाकी रस्ता खरंच एक नंबर आहे, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. जंगल, तळं, गार वारा, सगळं झालं. फोटो सगळ्यांकडे असतातच.

ती ‘थोडीशी खडी’ म्हणजे घाटाचा अख्खा उतार आहे. रुंदीकरणासाठी जुनं डांबर उखडलंय आणि क्रशरमधून आलेली ताजी खडी नुसती ओतून ठेवलीय, रोलर फिरायचाय. नदीतल्या गोट्यांवर गाडी फक्त घसरते, ही खडी टायर कापते. सांगणारे चारचाकीतून गेलेले असतात, त्यांना हा फरक कळण्याचं कारण नाही. त्यात समोरून येणारे डंपर. ते स्वतःची बाजू सोडत नाहीत आणि तुमचीही ठेवत नाहीत.

दुसरा फुकट मिळालेला सल्ला: ‘खडी आहे ना, मग हवा कमी कर, ग्रिप मिळेल.’ वाळूत, चिखलात हे बरोबर आहे. पण सामान लादलेल्या ट्यूबवाल्या गाडीला धारदार खडीत हवा कमी ठेवणं शुद्ध मूर्खपणा. दगडाच्या कडेवर टायर आपटला की रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब मधे चिमटली जाते. आमच्यातल्या एकाने हा सल्ला मनावर घेतला. अर्धा घाट उतरायच्या आत त्याच्या पुढच्या ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा. सामान असेल तर मॅन्युअलमध्ये डबलसीटसाठी दिलेला आकडा ठेवा आणि हवा टायर गार असताना मोजा. चालून गरम झालेल्या टायरात गेज जास्तच दाखवणार, म्हणून वाटेत सोडत बसू नका.

मी हवा पूर्ण ठेवली होती. तरी मागच्या टायरात बांधकामाच्या बारीक तारेचा तुकडा शिरला. तारेला काय, हवा कमी-जास्त कळत नाही.

हवा जाऊन मागचा टायर बसतो तेव्हा आधी खडीच वाटते. गाडीचं बूड डावीउजवीकडे सावकाश डोलायला लागतं, सीटखालून कोणीतरी हळूच ढकलतंय असं वाटतं. हँडल मात्र हलकंच राहतं. पुढचा टायर बसला तर उलट: हँडल जड होतं, वळायला नको म्हणतं, मग थरथरतं. हा फरक डोक्यात पक्का हवा, कारण ब्रेक कुठला मारायचा ते यावर ठरतं.

पहिले दोन-तीन सेकंद काहीही करायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे. पाय आपोआप ब्रेककडे जातो, तो आवरायचा. थ्रॉटल झटकन बंद करायचा नाही, हळूहळू सोडायचा. खटाखट गिअरही पाडायचे नाहीत, कारण इंजिनचा ब्रेक मागच्याच चाकावर लागतो आणि तेच चाक गेलेलं असू शकतं. गुडघ्यांनी टाकी धरायची, हँडल घट्ट पण न भांडता, नजर जिथे जायचंय तिथे. वजन शाबूत चाकाकडे द्यायचं: मागचं गेलं तर पुढे सरकायचं, पुढचं गेलं तर मागे. वेग बराच उतरला आणि गाडी सरळ असली की शाबूत चाकाचा ब्रेक, तोही हलका. खडीत पुढचा ब्रेक जोरात दाबलात तर शाबूत चाकही गमावाल. कडेला घ्यायची घाई नको. मऊ साइडपट्टीत बसलेला टायर वेगात नेलात की तो रिमवरून उतरतो, आणि तिथून पुढे गाडी तुमचं ऐकत नाही.

मी चाळीसच्या आसपास होतो. गाडी बरीच डोलली, पण थांबली उभीच. ‘पंक्चरने कोण पडतं’ म्हणणाऱ्यांसाठी: संशोधक हॅरी हर्ट यांच्या पथकाने अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातले 900 मोटरसायकल अपघात तपासले, अहवाल 1981 चा. गाडीतल्या बिघाडामुळे झालेले अपघात 3 टक्क्यांहून कमी, पण त्यातले बहुतेक टायर पंक्चर होऊन ताबा सुटल्याचे. क्वचित होतं, आणि झालं तर नेमकं हेच होतं.

ट्यूबलेसवाल्यांनी फार हसू नये. त्यांचा फायदा खरा आहे: खिळा घुसला तरी तोच भोकात बूच म्हणून बसतो आणि हवा सावकाश जाते, म्हणून सुरक्षित जागा मिळेपर्यंत खिळा उपटू नये. ट्यूबमध्ये तसं नाही. ट्यूब फाटली की हवा स्पोकच्या आणि व्हॉल्व्हच्या भोकांतून भसकन बाहेर. पण या घाटात आमच्या ट्यूबलेसवाल्याचा टायर बाजूने चिरला. बाजूच्या भिंतीत प्लग (भोकात ठासायची रबरी पट्टी) टिकत नाही, तिथे दुरुस्तीचा विचारच करू नका. त्याची गाडी टेम्पोत गेली. आमच्या दोन्ही गाड्या ट्यूब बदलून चालत खाली आल्या.

ट्यूब बदलता येते असं गृहीत धरतो, येत नसेल तर घरी दोनदा करून बघा. जे व्हिडिओत कोणी सांगत नाही तेवढंच लिहितो. घरून निघताना तुमच्या ॲक्सलच्या नटाचा पाना पिशवीत आहे का बघा. टायर काढायचे लिव्हर, ट्यूब, पंप सगळं असतं आणि चाकच निघत नाही. रिमवरून टायर सुटत नसेल तर दुसऱ्या गाडीच्या साइड स्टँडखाली दाबा. लिव्हरला जोर लागतोय म्हणजे टायरची समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात बसलेली नाही. ती गुडघ्याने खाली दाबा, ताकद लावू नका, ट्यूब तिथेच चिमटते. नवी ट्यूब आत घालताना चिमूटभर हवा भरून घाला म्हणजे पीळ पडत नाही. त्याआधी टायरच्या आत हात फिरवा, ग्लोव्ह घालून. माझी तार आतच होती. ती न काढता नवी ट्यूब घातली असती तर दहा मिनिटांत तीही गेली असती. मागे डिस्क असेल तर निघण्याआधी ब्रेकचं पेडल चार वेळा दाबा. चाक काढताना पॅड मागे ढकलले जातात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. उतारावर हे कळणं बरं नव्हे.

एकच ट्यूब नेणार असाल तर पुढची न्या. पुढचं चाक 21 इंची आणि मागचं 18 इंची असेल तर पुढची ट्यूब मागे तात्पुरती चालते, मागची पुढे नाही. भोक बुजवणाऱ्या सीलंटची बाटली नेऊ नका. दोन चिरांना ती पुरत नाही आणि आत सगळा चिकट राडा झाला की पॅचही बसत नाही.

आता घाटाखालच्या पंक्चरवाल्याबद्दल. खाली पोचल्यावर पुढच्या चाकात हवा थोडी कमी वाटली म्हणून दाखवली. त्याने बारीक भोक दाखवून एक पॅच मारला, मग दुसरं भोक दाखवून आणखी एक. दुसरं भोक त्याच्या लिव्हरच्या टोकाएवढं आणि त्याच आकाराचं होतं. पैसे अर्थातच दोन्हींचे. ‘आता टायर झिजेल पण ही ट्यूब जाणार नाही,’ म्हणाला. ट्यूब दुसऱ्या दिवशी सकाळीच गेली, चढावरच्या उजव्या वळणावर. पंक्चर काढताना समोर उभे राहा आणि पॅच मारल्यावर ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवायला लावा. आधी बुडवतात ते तुम्हाला दाखवायला, नंतरचं बुडवणं तुमच्या कामाचं. आणि लांबच्या प्रवासात पुढच्या चाकात पॅच मारलेली ट्यूब नको. नवी पुढे, पॅचवाली पिशवीत.

वळणात पुढचा टायर बसला की सांभाळायला वेळच मिळत नाही. हँडल आपणहून आत मुडपलं आणि मी उजव्या अंगावर खाली. वेग पंचवीस-तीस असेल. अशा वेळी गाडी सोडायची. हँडल धरून ठेवलंत तर गाडी नेईल तिकडे जाल, आणि पाय खाली अडकला तर अजून वाईट. हात टेकून पडणं थांबवायला जाऊ नका. मनगट आणि कॉलरबोन असंच मोडतं. हनुवटी छातीला, कोपर अंगालगत, मार खांदा-पाठीवर घ्यायचा. लोळत असाल तर हातपाय आखडून घ्या, घसरत असाल तर पाठीवर पसरून घसरा.

आणि थांबल्याशिवाय उठायचं नाही. हे पुन्हा लिहितो, कारण माझंही अंग आपोआप उठायला निघालं होतं. घसरताना मेंदूला वाटतं आपण थांबलो, वेग मात्र शिल्लक असतो. तेव्हा उभं राहायला गेलात की घोटा जातो. हेल्मेटच्या काचेतून समोरचा एक दगड हलायचा थांबलेला दिसला तेव्हा मी गुडघा उचलला. मग आधी मागे बघायचं, डंपर येतोय का. आधी तुम्ही रस्त्याबाहेर, गाडी नंतर.

‘धडक होणार असं दिसलं की गाडी आडवी टाकायची’ असं सांगणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. टाकू नका. रबराला जी पकड आहे ती घासत जाणाऱ्या लोखंडाला नाही. उभ्या गाडीचे ब्रेक वेग जास्त उतरवतात. गाडी स्वतःहून पडली तर सोडा, मुद्दाम पाडू नका.

ग्लोव्हच्या तळव्यावरची प्लॅस्टिकची पट्टी अर्धी घासून गेली, तळवा शाबूत. जॅकेट ढगळ असेल तर कोपरावरचं पॅड नेमकं पडताना फिरतं, म्हणून एक माप घट्टच घ्या. हेल्मेट जोरात आपटलं असेल तर बदला. आतला फोम एकदा दबला की पुन्हा तितका मार घेत नाही, आणि ते बाहेरून दिसत नाही. पडल्यावर अर्धा तास काहीच दुखत नाही, त्यावर विश्वास ठेवू नका. अंगठा ताणल्यावर त्याच्या बुडाशी जो खळगा दिसतो तो दाबून बघा. कळ आली तर एक्स-रे काढा, आणि पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही तरी दुखणं राहिलं तर पुन्हा दाखवा. तिथल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी सुटून जाते. दुसरं कोणी पडलं असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला धक्का लागतो. श्वास चालत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मान धरूनच काढावं लागतं.

गाडी उचलताना आधी किल स्विचने इंजिन बंद करा, पेट्रोलचा वास आणि गिअर बघा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा, नाहीतर उचललेली गाडी डावीकडे पडते. सामान उतरवा, सीटकडे पाठ करा, पायांनी मागे रेटत उचला. माझा ब्रेक लिव्हर वाचला, कारण त्याची हँडलवरची पकड थोडी सैल ठेवलेली होती, मार बसल्यावर तो फिरला. ही युक्ती निघण्याआधी करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता जायचं की नाही. मागे कोणी न बसवता, बूट-ग्लोव्ह-पॅड घालून, दोन ट्यूब घेऊन, पहाटे डंपर सुरू व्हायच्या आत: जा. मागे कोणी बसलेलं असेल तर डांबरी रस्त्याने वळसा घाला, लांब पडतो तर पडू दे. तरीही घाटानेच जायचं असेल तर मागे बसणाऱ्याला उताराच्या तोंडाशी उतरवून जीपमध्ये बसवा, आणि तो ‘थोडीशीच तर खडी आहे’ म्हणाला तरी ऐकू नका.