अजिंक्यतारा सव्वातीन मीटरवर

काल संध्याकाळी नाना आले, तेव्हा माझ्या निकॉन कॅमेऱ्यावर चालावी म्हणून मी बदललेली अप्पांची हेलिऑस लेन्स टेबलावरच होती. त्यांनी काही न विचारता ती उचलली, कपाटातून अप्पांचा झेनिट कॅमेरा काढला, सवयीच्या हाताने लेन्स त्यावर फिरवून बसवली आणि गॅलरीत जाऊन किल्ल्याकडे पाहिले. फोकसची रिंग इन्फिनिटीपर्यंत, म्हणजे सर्वांत दूरच्या खुणेपर्यंत, नेल्यावर वरचा टॉवर पुसट दिसला असणार, कारण त्यांनी ती हळूहळू उलटी फिरवली, एका जागी थांबले, कॅमेरा डोळ्यापासून दूर धरला आणि चष्मा कपाळावर सरकवून रिंगेवरचा आकडा वाचला. “अजिंक्यतारा सव्वातीन मीटरवर आला की रे,” एवढेच ते म्हणाले. मग चहा झाला, पाण्याच्या वेळा पुन्हा बदलल्याविषयी बोलणे झाले आणि ते गेले. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला निदान उत्तर तरी देता आले असते.

उत्तर माझ्यापाशी होते. झेनिटचा ४२ मिलिमीटरचा आटा आणि माझ्या निकॉनचे माउंट, म्हणजे लेन्स बसायची जागा, यांतली अडचण फक्त १ मिलिमीटरची आहे. झेनिटमध्ये लेन्सची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर असते, निकॉनमध्ये ती सेन्सरपासून ४६.५ वर येते. त्यामुळे साध्या अॅडॉप्टरने, म्हणजे मधल्या जोडकडीने, लेन्स बसते खरी, पण दूरचे काही स्पष्ट दिसत नाही. ज्या अॅडॉप्टरमध्ये जास्तीची काच असते, त्याने दूरचे दिसू लागते, मात्र चित्राची धार जाते, आणि अप्पांच्या काचेमागे दुसरी स्वस्त काच लावायची माझी तयारी नव्हती. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आणि लेन्सची बैठक सेन्सरच्या बरीच जवळ असलेला, कॅमेरा घे, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही, असे सगळ्यांनी सांगितले. तो घेणे मला सध्या शक्य नाही, आणि का शक्य नाही ते इथे लिहीत बसत नाही.

म्हणून फोकस रिंगवरचे तीन बारीक स्क्रू सैल केले. ते इतके लहान आहेत की पांढऱ्या ताटात काम करावे लागते, नाहीतर एखादा घरंगळला की गेलाच. स्क्रू सैल झाले की रिंग आतल्या आट्यांपासून मोकळी होते, आणि मग काचांचा गट आणखी आत घेता येतो. आट्यांमध्ये जुने ग्रीस घट्ट होऊन बसले होते. ते पुसून काढले, नवे अगदी थोडे लावले, आणि गच्चीवर उभा राहून टॉवरची प्रत्येक पट्टी वेगळी दिसेपर्यंत आटे फिरवले. त्या जागी रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर आणून स्क्रू आवळले. निकॉनवर आता ही लेन्स दूरचे आणि जवळचे दोन्ही स्वच्छ दाखवते, आणि रिंगेवरचा प्रत्येक आकडा खरा आहे. इतकी वर्षे कपाटात पडून राहिलेली वस्तू चालू झाली, याचा मला किती आनंद झाला हे घरात कोणीही विचारले नाही. नानांनीही नाही. त्यांनी फक्त आकडा वाचला.

आणि तो आकडाच मनातून जात नाही. रात्री गणित मांडून पाहिले, तर नाना बरोबरच होते: ५८ मिलिमीटरची लेन्स १ मिलिमीटर आत गेली, की झेनिटवर इन्फिनिटी तीनच्या खुणेच्या जरा अलीकडे नव्हे, पलीकडे, सव्वातीन-साडेतीनच्या आसपास येते. कॅमेऱ्यातून पाहून फोकस करणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण अप्पा लग्नात पाहून फोकस करत नसत. १०० च्या संवेदनशीलतेच्या फिल्मवर त्यांच्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे अंतर आणि अॅपर्चरचा आकडा यांचा गुणाकार, २४ होता. म्हणजे ३ मीटरला ८ चे अॅपर्चर. रिंग तीनवर लावायची, ८ ठरवून ठेवायचे आणि मग नवरानवरी ३ मीटरवर येतील असे आपणच मागेपुढे सरकायचे, हे त्यांचे काम होते, आणि नाना त्यांच्यामागे फ्लॅशची बॅटरी घेऊन उभे असत. आज तीच रिंग झेनिटवर तीनवर लावली, तर फोकस पंचवीस मीटरच्या आसपास जाईल. अंतरपाटाजवळची माणसे पुसट येतील आणि मांडवाच्या टोकाचे कापड स्पष्ट.

त्या मांडवात आता कोणी उभे नाही, हे मला कळते. तरीही नानांना ते आकडे तोंडपाठ आहेत, आणि काल ते त्यांच्याशी जुळले नाहीत.

दुपारी थोडे मोकळे वाटले, ते या लेन्सचीच वंशावळ आठवून. हिची मूळ रचना जर्मनीतल्या झाइसच्या बायोटारची. युद्धानंतर ती मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात गेली, तिथल्या काचेसाठी तिची गणिते नव्याने मांडली गेली, आणि १९५८ साली स्टार्ट नावाच्या कॅमेऱ्यावर ती हेलिऑस म्हणून बसली. पुढे झेनिटसाठी आधी ३९ चा आटा आला, मग ४२ चा. म्हणजे अप्पांच्या हाती आली तेव्हाही ती दुसऱ्या कॅमेऱ्यांची होऊन आलेली होती. माझ्या टेबलावर झालेला बदल हा तिच्या आयुष्यातला पहिला बदल नाही, आणि ती त्याने खराबही झालेली नाही.

शिवाय जे १ मिलिमीटर आत घेतले, ते झेनिटसाठी बाहेरून परत देता येते. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये १.०४ मिलिमीटर जाडीचा वायसर घातला, की झेनिटवरचे सगळे आकडे पुन्हा आपल्या जागी येतात. लेन्स बसवायच्या ४२ च्या आट्याचा एक फेरा नेमका १ मिलिमीटरचा असल्याने लेन्स एक फेरा आधी अडेल, आणि वरच्या ०.०४ मुळे तिची मधली खूण माथ्यावरून चौदा-पंधरा अंश बाजूला राहील. एवढे चालण्यासारखे आहे. एमआयडीसीतल्या लेथवर असा वायसर कातून मिळेल. जाडी सगळीकडे सारखी हवी, म्हणून व्हर्नियर मी स्वतः घेऊन जाणार आहे.

संध्याकाळी नानांना फोन करून हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, बाजूला राहणाऱ्या खुणेविषयी दोनदा विचारले, आणि मग झेनिटसाठी रोल आता कुठे मिळतो ते विचारले. पुण्याहून मागवावा लागेल, असे मी म्हणालो.

“मग १०० चाच मागव,” नाना म्हणाले. “तक्ता मला त्याचाच पाठ आहे.”