तुम्ही विचारलंत म्हणून : पोकलेनची वायर पिळत का नाही?

माझ्या टेबलावरचे लेगोचे पोकलेन पाहणारा प्रत्येक जण थोडा वेळ बकेट वरखाली करून झाली की एकाच प्रश्नावर येतो. खाली दोन्ही चेन मोटरवर चालतात, वर केबिनसकट सगळा सांगाडा एकाच दिशेने हवा तितका वेळ गोल फिरतो, मग मधली वायर पिळत कशी नाही? आमच्या सोसायटीतली मुले ‘काका, वायर पिळत काहून नाही?’ असे सरळ विचारतात. इंजिनिअर पाहुणे जरा आडवळणाने ‘स्लिप रिंग (फिरत्या सांध्यातून घासत्या कड्यांमार्फत वीज पलीकडे नेणारा भाग) बसवली आहे का?’ असे विचारतात. दोघांनाही मी एकच उत्तर देतो : वायर पिळत नाही, कारण तिथून वायर जातच नाही. हे उत्तर खरे असले तरी तोकडे आहे, आणि ते ऐकून बहुतेकांचे समाधान होत नाही, म्हणून ते एकदा सविस्तर लिहीत आहे.

असे यंत्र बांधायला बसणारा माणूस आधी मोटरचा विचार करतो : किती घ्याव्यात, कोणत्या घ्याव्यात, कुठे बसवाव्यात. माझ्या मते पहिला निर्णय मोटरचा नसून सीमेचा असतो. यंत्राचा एक भाग जमिनीशी बांधलेला आहे आणि दुसरा त्याच्यावर फिरतो आहे. या दोहोंमधली रेषा ओलांडून नेमके काय जाणार, वीज, फिरणारा अ‍ॅक्सल म्हणजे दांडा की काहीच नाही, हे ठरले म्हणजे मोटरांच्या जागा जवळजवळ आपोआप ठरतात. उलट क्रमाने गेल्यास शेवटी मधल्या भोकातून चार वायरी ओढण्याची वेळ येते.

खऱ्या यंत्रांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे पाहण्यासाठी नागपूरकराला फार लांब जावे लागत नाही. सिमेंटच्या रस्त्यांची आणि मेट्रोची कामे सुरू असताना अर्ध्या शहराने ही यंत्रे अगदी जवळून पाहिली आहेत, आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उमरेडकडच्या खुल्या खाणींत तर त्यांची मोठी भावंडे काम करतात. जेसीबीचा मागचा हात साधारण अर्धे वर्तुळ फिरतो, त्यामुळे त्याच्या तेलाच्या नळ्या नुसत्या वाकल्या तरी पुरते. पोकलेन मात्र पूर्ण गोल फिरते. तिचे इंजिन, पंप, तेलाची टाकी आणि केबिन हे सारे वर असते, पण चेन चालवणाऱ्या हायड्रॉलिक मोटर खाली असतात. त्यांच्यापर्यंत दाबाखालचे तेल पोहोचते ते मधोमध बसवलेल्या सेंटर जॉइंटमधून. हा जॉइंट म्हणजे एका नळकांड्यात फिरणारे दुसरे नळकांडे. दोहोंमध्ये गोल खाचा आणि सील असतात, त्यामुळे वरचा भाग कसाही फिरला तरी प्रत्येक खाचेतले तेल आपल्याच वाटेने खाली उतरते. खाणीतल्या विजेवर चालणाऱ्या शॉवेलची अडचण उलटी असते : केबल जमिनीवरून खालच्या भागात येते आणि वीज वर चढवावी लागते, तिथे खरोखरच स्लिप रिंग असतात. म्हणजे इंजिनिअर पाहुण्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

लेगोच्या टेक्निक मालिकेत मात्र दाबाचे तेल नाही, आणि मी वापरतो त्या ‘पॉवर फंक्शन्स’ या २००७ साली आलेल्या विद्युत भागांत स्लिप रिंगही नाही. त्यातली वायर चार तारांची चपटी पट्टी असते. ती घडी घालायला सोयीची, पण पीळ तिला अजिबात मानवत नाही. त्यामुळे इथे तीन वाटा उरतात.

पहिली वाट म्हणजे वायर मधून जाऊ द्यायची, तिला थोडी ढील द्यायची आणि चालवणाऱ्याने दोन्ही बाजूंना एखादा फेरा मारून परत फिरायचे. लहान मॉडेलसाठी यात काही गैर नाही. पण यंत्र दुसऱ्याच्या हातात गेले की फेरे मोजणार कोण? मुलांच्या हाती रिमोट देणार असाल तर ही वाट सोडून द्यावी.

दुसरी वाट मला सर्वांत मनोरंजक वाटते. मोटर आणि बॅटरी वरच ठेवायच्या आणि टर्नटेबलच्या मधल्या भोकातून फिरणारा अ‍ॅक्सल खाली सोडायचा. वायरऐवजी फिरणेच सीमा ओलांडते. टर्नटेबल म्हणजे एकमेकांत फिरणाऱ्या दोन चकत्यांचा दातेरी भाग, ज्याच्यावर वरचा सांगाडा बसतो. ही योजना कागदावर निर्दोष दिसते, पण बांधून पाहिली की दोन गोष्टी लक्षात येतात. चेनची मोटर बंद आहे असे समजा आणि वरचा भाग एक फेरा फिरवा. बंद मोटरने अ‍ॅक्सल घट्ट धरून ठेवलेला असतो, म्हणून तोही वरच्या भागाबरोबर एक फेरा फिरतो. खालच्या गिअरला हे कळत नाही की मोटर बंद आहे, त्याच्या दृष्टीने अ‍ॅक्सल फिरला, म्हणून तो चेन चालवतो. म्हणजे नुसती मान वळवली तरी यंत्र जागचे सरकते. दुसरी गोष्ट याच्याच उलट बाजूची : अ‍ॅक्सलला खाली जोर लावायचा तर तेवढाच जोर उलट दिशेने वरच्या सांगाड्यावर येतो, आणि चेन एखाद्या अडथळ्याला अडली की सांगाडाच फिरू पाहतो.

या दोन्ही तक्रारींवर एकच तोड आहे, आणि ती मोटर बदलण्याची नाही. वेग कमी करणारे गिअर सीमेच्या खाली ठेवावेत. टर्नटेबलमधून येणारा अ‍ॅक्सल वेगाने पण कमी जोराने फिरू द्यावा आणि खाली उतरल्यावर वर्म गिअरने, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरने, २४ दात्यांचा गिअर फिरवावा. वर्मच्या एका फेऱ्यात गिअर एकच दाता पुढे जातो, म्हणजे २४ फेऱ्यांना चेनच्या चाकाचा एक फेरा होतो. मग वरचा भाग पूर्ण फिरला तरी चेनचे चाक फेऱ्याच्या चोविसाव्या हिश्शानेच हलते, जे डोळ्यांना जाणवत नाही, आणि अ‍ॅक्सलमधला जोर कमी असल्याने सांगाड्यावर येणारा उलटा धक्काही किरकोळ राहतो. किंमत मोजावी लागते ती घर्षणाच्या रूपाने, कारण वर्म गिअर मोटरच्या ताकदीचा मोठा भाग स्वतःच खाऊन टाकतो. शिवाय भोकातून अ‍ॅक्सल एकच जातो आणि चेन दोन असतात. दुसरी चेन स्वतंत्र चालवायची तर त्या अ‍ॅक्सलभोवती मोकळा फिरणारा, गोल भोकाचा गिअर बसवून त्याच्यामार्फत दुसरी गती खाली न्यावी लागते. हे जमते, पण जागा फार लागते आणि दुरुस्तीसाठी निम्मे यंत्र उकलावे लागते.

म्हणून मी तिसऱ्या वाटेवर आलो : सीमा ओलांडून काहीच जाऊ द्यायचे नाही. खालच्या भागाला स्वतःची बॅटरी, स्वतःचा रिसीव्हर आणि चेनच्या दोन मोटर. वरच्या भागाला दुसरी बॅटरी, दुसरा रिसीव्हर आणि बूम (सांगाड्याला जोडलेला मोठा हात), आर्म (त्याच्या पुढचा हात), बकेट व फिरण्याच्या मोटर. एका रिसीव्हरवर दोन मोटर चालतात आणि रिमोटला चार चॅनेल आहेत, त्यामुळे आठ मोटरपर्यंत अडचण येत नाही. वर चार मोटर असल्या की तिथे दोन रिसीव्हर लागतात इतकेच. लेगोने २०१९ साली काढलेल्या लिबहेर आर ९८०० या ४,१०८ तुकड्यांच्या महाकाय पोकलेनच्या संचातही सात मोटर आणि दोन नियंत्रण-पेट्या आहेत. दोन बॅटरी-पेट्या म्हणजे बारा सेल, आणि हा खर्च ऐकून लोकांचा चेहरा पडतो, हे मला ठाऊक आहे. पण या वजनाचा उपयोगही होतो. खालची पेटी यंत्राचा तोल जमिनीजवळ ठेवते, आणि वरची पेटी केबिनच्या मागे अगदी टोकाला बसवली की लांबवर पसरलेल्या बूमला ती तोलून धरते. खऱ्या पोकलेनमध्ये इंजिन आणि लोखंडी वजन मागे असते ते याच कारणाने.

आता सीमेचा प्रश्न सुटला तरी फिरवण्याचा राहतोच. फिरवणारी मोटर वर असते आणि टर्नटेबलचे दातेरी कडे खाली पक्के असते. मोटरचा लहान गिअर त्या कड्याभोवती धावतो आणि सांगाड्याला बरोबर नेतो. इथे थोडे अंकगणित टाळता येत नाही. लेगोच्या दोन भोकांमधले अंतर ८ मिलिमीटर असते आणि गिअरच्या दात्यांची संख्या निम्मी केली की मिलिमीटरमध्ये त्याची त्रिज्या मिळते. जुन्या मोठ्या टर्नटेबलला बाहेरून ५६ दाते आहेत, म्हणजे त्रिज्या २८. त्याला ८ दात्यांचा गिअर लावला की अंतर ३२ होते, म्हणजे बरोबर चार भोके. नव्या टर्नटेबलला ६० दाते आहेत. त्याला ८ दात्यांचा गिअर लावायला गेलात तर अंतर ३४ येते आणि कुठल्याच भोकात बसत नाही. १२ दात्यांचा लावला तर साडेचार भोके, आणि २० दात्यांचा लावला तर बरोबर पाच. ‘गिअर अडकतो’ किंवा ‘दाते सुटतात’ अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्या यंत्रात बहुतेक वेळा हाच ८ आणि ६० चा घोळ असतो.

मी नव्या टर्नटेबलवर २० दात्यांचा गिअर वापरतो आणि त्याच अ‍ॅक्सलवर २४ दात्यांचा गिअर बसवून त्याला वर्मने फिरवतो. चोवीस गुणिले तीन, म्हणजे मोटरच्या ७२ फेऱ्यांना सांगाड्याचा एक फेरा. मध्यम आकाराची मोटर भाराविना मिनिटाला सुमारे ४०० फेरे फिरते, त्यामुळे सांगाडा मिनिटाला पाचेक फेरे घेतो. खरी वीस टनांची पोकलेन याच्या साधारण दुप्पट वेगाने फिरते, हे खरे आहे. पण प्लॅस्टिकच्या यंत्राला तो वेग दिला तर थांबताना बूम हेलकावते आणि सगळी ऐट जाते. वर्मचा इथे दुसराही फायदा आहे : तो गिअरला फिरवतो, पण गिअर त्याला फिरवू शकत नाही. यंत्र उतारावर तिरपे उभे राहिले तरी बूम आपोआप खालच्या बाजूला वळत नाही.

ढिलाईचा हिशेबही इथेच करावा. कड्याची त्रिज्या ३० मिलिमीटर आणि मधल्यापासून बकेटपर्यंतचे अंतर ३०० मिलिमीटर धरले, तर दात्यांमधली अर्ध्या मिलिमीटरची फट बकेटच्या टोकाला ५ मिलिमीटर होऊन दिसते. ती पूर्ण घालवता येत नाही, पण समोरासमोर दोन लहान गिअर लावून दोन्ही कड्याला भिडवले की बरीच कमी होते. वजनदार यंत्रात टर्नटेबल एका बाजूला झुकतेही. त्याच्याभोवती गुळगुळीत लहान चाकांचे वर्तुळ बसवून वरचा भाग त्यांच्यावर टेकवला तर टर्नटेबलला फक्त फिरवण्याचे काम उरते.

चेनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे अडचण कमी आहे. खाली मी दोन मोठ्या एक्सएल मोटर वापरतो. त्या मिनिटाला सुमारे २२० फेरे फिरतात, त्यामुळे फार गिअर लागत नाहीत. एक पुढे आणि एक मागे फिरवली की यंत्र जागच्या जागी वळते. चेनच्या कड्या कडक प्लॅस्टिकच्या असल्याने घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्या नुसत्या घसरतात. कड्यांच्या भोकांत बसणारे रबराचे लहान तुकडे मिळतात, ते एक सोडून एक लावले तरी पकड येते. चेन फार ताणू नये. बोटाने दाबल्यावर ती थोडी लवायला हवी, नाहीतर मोटरची ताकद तिला ताणण्यातच जाते.

नागपुरात राहणाऱ्यांसाठी दोन सूचना वेगळ्या द्यायला हव्यात. जुने रिमोट इन्फ्रारेड किरणांवर चालतात आणि उघड्या उन्हात रिसीव्हरला काहीही कळत नाही. गच्चीवर यंत्र चालवायचे असेल तर संध्याकाळी जावे, किंवा ब्लूटूथवर चालणारे नवे भाग घ्यावेत. आणि मे महिन्यात यंत्र गाडीत किंवा गच्चीवर सोडू नये. लेगो आपले तुकडे धुण्यासाठी पाणी ४० अंशांपेक्षा गरम नसावे असे सांगते, आणि आपल्याकडे तर हवाच ४५ च्या पुढे जाते, बंद गाडीतल्या उष्णतेचे बोलायलाच नको. बॅटरी-पेट्यांत मी रिचार्जेबल सेल वापरतो. सहा सेलचे ९ ऐवजी ७.२ व्होल्टच मिळतात आणि यंत्र जरा सुस्त चालते, पण बारा सेल दर वेळी विकत घेणे परवडत नाही.

सुरुवात कुठून करावी, असेही काही जण विचारतात. मोटर विकत घेण्याआधी चेनचा खालचा भाग, टर्नटेबल आणि त्यावर एक लांब बीम एवढेच बांधावे, फिरवण्याच्या गिअरला हाताने फिरवायची कळ लावावी आणि बीमच्या टोकाला पाण्याची लहान बाटली टांगून पाहावे. कळ सहज फिरते का, टर्नटेबल किती झुकते, मागे किती वजन लागते, हे सगळे हाताला कळते, आणि मग मोटर किती व कुठे हे दुकानात जाण्याआधीच ठरलेले असते.