डिस्ने क्रूझवरचं जेवण: हॉटेलं तीन, वेटर तोच

डिस्नेच्या जहाजांवर रात्रीच्या जेवणाची जागा रोज बदलते, वेटर मात्र बदलत नाही. १९९८मध्ये त्यांचं पहिलं जहाज 'डिस्ने मॅजिक' सुरू झालं, तेव्हापासून हीच पद्धत आहे. बहुतेक जहाजांवर मुख्य रेस्टॉरंटं तीन. कुठल्या रात्री कुठे जेवायचं ती पाळी कंपनी लावून देते आणि सर्व्हर, त्याचा मदतनीस आणि हेड सर्व्हर तुमच्याबरोबर फिरतात. पोराला दूध गार लागतं हे पहिल्या दिवशी सांगितलं की रोज सांगत बसावं लागत नाही. हे जेवण तिकिटातच धरलेलं असतं; एकाऐवजी दोन पदार्थ मागवले तरी बिल येत नाही. दारूचे पैसे वेगळे.

बुकिंगच्या वेळी डोकं लावायचं ते पंगतीच्या वेळेवर. पहिली पंगत साधारण पावणेसहाला, दुसरी सव्वाआठला. पावणेसहा ही आपली चहाची वेळ, त्यामुळे बरेच जण डोळे झाकून दुसरी घेतात आणि चार वर्षांचं पोर सूप येईपर्यंत टेबलावर डोकं टेकतं. उलट पहिली घेतली, तर बंदरावर उतरायच्या दिवशी पाच वाजता जहाजावर परतून आंघोळ, कपडे, जेवण अशी पळापळ होते. लहान मुलं असतील तर तरीही पहिलीच घ्या. दुसरीच मिळाली, तर लहान मुलांसाठी 'डाइन अँड प्ले' आहे. बसल्याबसल्या सर्व्हरला सांगायचं. मुलांचं ताट आधी येतं आणि साधारण पाऊण तासाने जहाजावरच्या मुलांच्या क्लबची, म्हणजे खेळघराची, माणसं येऊन त्यांना घेऊन जातात. त्यासाठी क्लबमध्ये मुलाचं नाव आधी नोंदवलेलं हवं आणि डायपर सुटलेलं हवं.

दोन कुटुंबांनी वेगवेगळं बुकिंग केलं असेल, तर दोन्ही बुकिंग क्रमांक एकमेकांना जोडून घ्या आणि पंगतही एकच घ्या. नाहीतर आजी-आजोबा एका हॉलमध्ये आणि नातवंडं दुसऱ्यात. हे राहून गेलंच, तर जहाजावर चढल्या दिवशी दुपारीच जेवणाच्या बदलांच्या काउंटरवर जा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर मोकळी टेबलं उरत नाहीत.

आता थीम. २०२२मध्ये आलेल्या 'डिस्ने विश' जहाजावर सगळ्यात रंगतं ते 'फ्रोझन' सिनेमावर बेतलेलं 'अरेंडेल' रेस्टॉरंट. ॲना आणि क्रिस्टॉफच्या साखरपुड्याची मेजवानी, मधोमध रंगमंच आणि भोवती टेबलं. गाणी जेवणाच्या मधेमधे होतात, म्हणून त्या रात्री मुलांना 'डाइन अँड प्ले'ला पाठवू नका. 'वर्ल्ड्स ऑफ मार्व्हल'मध्ये टेबलावर बटणांचं एक यंत्र असतं आणि मार्व्हलचा सुपरहिरो अँट-मॅन पडद्यावरून ते दाबायला सांगतो. तिसरं रेस्टॉरंट '१९२३', नाव कंपनीच्या स्थापनेच्या वर्षावरून. तिथे कार्यक्रम काही नाही, भिंतींवर जुनी रेखाटनं आहेत आणि निवांत बोलता येतं. मुलं तिथे कंटाळतात, मोठी माणसं खुलतात. 'फँटसी' जहाजावर 'ॲनिमेटर्स पॅलेट' आहे. तिथे कागदावर माणूस काढून द्यायचा आणि जेवण संपताना तोच पडद्यावर नाचतो. हात-पाय आखून दिलेल्या जागेतच काढा, बाहेर गेलेली रेघ नाचत नाही.

शाकाहारींचं काय? मेन्यूवर शाकाहारी पदार्थ असतातच, पण तिथल्या शाकाहारात अंडं चालतं, आणि सूप चिकनच्या पाण्यात शिजलेलं असू शकतं, गोडात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) असू शकतं. 'व्हेजिटेरियन' एवढंच न म्हणता काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन सांगा. डाळ, भात, भाजी, पोळी असं भारतीय जेवण मागता येतं, फक्त मेन्यूकार्डावर शोधू नका. पहिल्या रात्री हेड सर्व्हरला बोलवा आणि दुसऱ्या दिवशीचं ठरवून टाका. ऐनवेळी मागितलंत तर आधी करून ठेवलेल्या ग्रेव्हीतलं काहीतरी येणार, आणि त्यात कांदा-लसूण असणारच. जैन जेवण हवं असेल तर जहाज सुटायच्या आधीच कंपनीला कळवलेलं बरं. बटाटा, गाजरसुद्धा नको हे वेगळं सांगा. तिखट हवं असेल तर तेही स्पष्ट बोला, कारण 'मीडियम' म्हटलं की फिकंच येतं. घरचं लोणचं आजीच्या पर्समध्ये असेलच म्हणा.

एखाद्या रात्री सगळे दमले असतील तर ठरलेलं जेवण चुकवलं तरी चालतं. वरच्या डेकवर पिझ्झा मिळतो, खोलीतही जेवण मागवता येतं. सर्व्हरला तेवढं आधी कळवा, तो बिचारा टेबल मांडून वाट बघत असतो. टिप प्रत्येक माणशी, प्रत्येक रात्रीच्या हिशेबाने खात्यावर लागते, मुलांचीही. खर्चाच्या अंदाजात ती धरायला लोक हमखास विसरतात.

शेवटच्या सकाळचा नाश्ता आदल्या रात्रीच्याच टेबलावर असतो. पहिल्या पंगतीवाल्यांना पावणेसातच्या सुमारास हजर व्हावं लागतं, दुसऱ्या पंगतीला आठपर्यंत सवड मिळते.