शाळेच्या दारात किती माणसे उभी आहेत?

आमच्या खेळाचा नकाशा छपाईला जाण्यास नऊ दिवस उरले असताना जादूच्या शाळेची जागा बदलायची की नाही हे ठरवण्यासाठी आम्ही एकाच दिवशी दोन चाचणी सत्रे ठेवली. सकाळी शाळा हिमशिखरावर, दुपारी तीच शाळा नदीसंगमावरच्या शहरात. कथानक तेच होते, शाळेतील माणसे तीच होती, खेळाडू मात्र वेगळे होते. त्या दिवसाला आज आठवडा झाला. दुपारच्या सत्रात एका खेळाडूने विचारलेल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही, म्हणून हे लिहून काढते आहे.

मी रोलप्लेइंग खेळांसाठी, म्हणजे ज्यांत खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेतात त्या खेळांसाठी, काल्पनिक जगे रचते. बाहेरच्या माणसाला वाटते की या कामात राक्षस, तलवारी आणि शापित खजिने शोधून काढायचे असतात. प्रत्यक्षात माझा बराच वेळ पाणी कुठून कुठे वाहील हे ठरवण्यात जातो. आधी डोंगर, मग वाऱ्याची दिशा, मग डोंगराच्या कोणत्या अंगाला पाऊस पडेल आणि कोणते अंग पर्जन्यछायेत कोरडे राहील, त्यानंतर नद्या, आणि नद्या पक्क्या झाल्यावरच शहरे व वाटा. नकाशा रंगवणारी मंडळी हा क्रम सर्रास उलटा करतात. या प्रकल्पाच्या पहिल्या कच्च्या नकाशावर एक नदी मध्येच दुभंगून दोन वेगवेगळ्या समुद्रांना मिळाली होती. नद्या एकमेकींना मिळत जातात, त्रिभुज प्रदेश सोडला तर त्या सहसा फुटत नाहीत, हे समजावून सांगण्यात माझे दोन दिवस गेले आणि तरीही ‘जादूचे जग आहे, चालून जाईल’ असे ऐकावे लागले. हे वाक्य मला मनापासून खटकते. ज्या जगात काहीही चालून जाते, तिथे खेळाडूला कशाचाच अंदाज बांधता येत नाही, आणि अंदाज बांधता आला नाही तर त्याच्या निर्णयाला किंमत उरत नाही.

आमचा नकाशा सहा मैल रुंदीच्या हेक्समध्ये, म्हणजे षट्कोनी घरांत, आखलेला आहे. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज साधारण पावणेपाच किलोमीटरवर दिसते, म्हणजे हेक्सच्या मध्यभागी उभे राहिले की जवळजवळ त्याच्या कडेपर्यंत नजर जाते. त्यामुळे ‘तुम्हाला काय दिसते’ या प्रश्नाचे उत्तर गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, नकाशावरूनच देता येते. या मापाचा पुढे संबंध येणार आहे.

शाळा शिखरावर असावी हा निर्णय मी कामावर येण्यापूर्वीच झालेला होता, आणि त्याचे कारण मुखपृष्ठ होते. बर्फाच्छादित कड्यावरचे निळे मनोरे, खाली ढग, असे एक सुंदर चित्र प्रकाशकांनी आधीच रंगवून घेतले होते. चित्रावरून जागा ठरवण्याची ही पद्धत या व्यवसायात फार रुजलेली आहे. तिचा तोटा असा की चित्र एका क्षणाचे असते, आणि शाळेला रोज दोन वेळा जेवावे लागते.

म्हणून मी हिशेब मांडला. आमच्या शाळेत २४० विद्यार्थी, ६० अध्यापक आणि १०० सेवक आहेत. माणशी रोज ६०० ग्रॅम धान्य धरले तरी दिवसाला २४० किलो लागते. घाट पाच महिने बर्फाने बंद असतो, म्हणजे हिवाळ्यापूर्वी ३६ टन धान्य वर पोहोचले पाहिजे. सर्वांत जवळच्या बाजारपेठेपासून शाळा आठ दिवसांच्या चढणीवर होती. एक खेचर साधारण १०० किलो ओझे नेते असे धरले, आणि वाटेत चरण्याजोगे गवत नसल्याने त्याला रोज तीन किलो दाणा द्यावा लागतो असे मानले, तर जाण्यायेण्याच्या सोळा दिवसांत ४८ किलो त्याच्याच पोटात जातात. शाळेच्या कोठारात उरतात ५२ किलो. म्हणजे केवळ हिवाळ्याच्या धान्यासाठी जवळपास ७०० खेपा, आणि त्यात हाकणाऱ्या माणसांचे जेवण, तेल, कागद व सरपण धरलेलेच नाही. सरपण हा तर स्वतंत्र प्रश्न आहे, कारण वृक्षरेषेच्या वर झाडे नसतात आणि तीन हजार मीटर उंचीवर पाणी सुमारे ९० अंश सेल्सियसलाच उकळत असल्यामुळे कडधान्य शिजायला खालच्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ आणि इंधन लागते.

यावर संपादकांचे उत्तर अपेक्षित होते: ‘तुम्ही एवढा विचार करू नका, ते जादूगार आहेत, अन्न मंत्राने निर्माण करतील.’ मी त्यांना या खेळांच्या परंपरेतीलच उदाहरण दिले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत, २०१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे, अन्नपाणी निर्माण करणारा मंत्र पंधरा माणसांना चोवीस तास पुरतो, आणि तो पोथ्या अभ्यासून शिकणाऱ्या जादूगाराच्या यादीत नसून पुरोहिताच्या यादीत आहे. आमच्या नियमांत तो जादूगारांना दिला, तरी ४०० माणसांसाठी रोज सत्तावीस वेळा म्हणावा लागेल. मग ती जादूची शाळा राहत नाही, जादूने चालणारे स्वयंपाकघर होते.

खऱ्या जगातील विद्यापीठांकडे पाहिले तरी हेच दिसते. नालंदा महाविहाराचा निर्वाह त्याला तोडून दिलेल्या गावांच्या उत्पन्नावर चालत असे, आणि सातव्या शतकात तिथे राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने अशा गावांची संख्या दोनशेहून अधिक सांगितली आहे. विद्येच्या प्रत्येक मोठ्या केंद्राखाली अशी कोणाची तरी शेते असतात. समुद्रातल्या बेटाचा पर्याय पुढे आला तेव्हा मी खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची गोष्ट सांगितली. डेन्मार्कच्या राजाने १५७६ साली त्याला ह्वेन हे छोटे बेट दिले, तिथे त्याने युरोपातील एक अद्वितीय वेधशाळा उभारली, आणि बेटावरच्या शेतकऱ्यांना त्यासाठी सक्तीची वेठ करावी लागली. त्यांचा त्याच्यावर रोष होता, आणि तो १५९७ मध्ये बेट सोडून गेल्यावर काही वर्षांतच ती इमारत पाडली गेली. बेट हवे असेल तर बेटावरचे शेतकरीही लिहावे लागतील, असे मी म्हटल्यावर तो पर्याय मागे पडला. जंगल आणि तरंगती शाळा यांवर फारसे बोलणेच झाले नाही.

माझे मत संगमावरच्या शहराच्या बाजूने होते. धान्य नावेने येते, कागद आणि शिसे व्यापाऱ्यांकडून मिळतात, आणि मुख्य म्हणजे शाळा व शहर यांच्यात भांडण होऊ शकते. ऑक्सफर्डमध्ये फेब्रुवारी १३५५ मध्ये एका मद्यालयातील दारूच्या प्रतीवरून वाद पेटला आणि त्याची दंगल होऊन विद्यार्थी व नागरिक मिळून अनेक माणसे मारली गेली. त्याआधी १२०९ मध्ये तिथल्याच तंट्यांमुळे काही विद्वान निघून गेले आणि त्यांच्यापासून केंब्रिजची सुरुवात झाली. कर कोणी भरायचा, गुन्हा केलेल्या विद्यार्थ्याचा न्याय कोणी करायचा, भाडे किती घ्यायचे, हे वाद म्हणजे खेळासाठी आयते कथानक असते. शिखरावर शाळेशी भांडायला हिमवादळाखेरीज कोणी नसते.

सकाळच्या सत्रात माझे म्हणणे खरे ठरले. कथानक साधे होते: एक विद्यार्थिनी बेपत्ता आहे, तिला शोधा. पाच खेळाडूंनी चार तास शाळेचे तळघर, ग्रंथालय आणि मनोरे पालथे घातले. एकाने खाली उतरायला किती वेळ लागेल असे विचारले, मी आठ दिवस म्हणाले, आणि त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही. नकाशावरच्या चाळीस वस्त्या, ज्यांच्यावर मी सात महिने घालवले होते, त्या त्यांच्यासाठी अस्तित्वातच नव्हत्या. खेळ वाईट झाला असे नाही. मंडळी आनंदात उठली. पण ती शाळा कोणत्याही जगात ठेवली असती तरी चालले असते.

दुपारी वीस मिनिटांतच खेळाडू दाराबाहेर पडले. ते जकात नाक्यावर गेले, नावाड्यांशी बोलले, बेपत्ता मुलीने कोणाकडे उधारी ठेवली होती ते त्यांनी शोधून काढले. मी मनातून फार सुखावले होते. तिसऱ्या तासाला नियमाप्रमाणे शहरातील घडामोडींच्या सारणीवर फासे टाकले आणि ओळ आली: ‘नदीकाठच्या वस्तीत तापाची साथ.’ ती ओळ मीच लिहिलेली होती. वातावरणनिर्मितीसाठी लिहिली होती, त्याहून अधिक विचार तिच्यामागे नव्हता.

एका खेळाडूचे पात्र नावाड्याची मुलगी होते. शिष्यवृत्तीवर शाळेत आलेली, घरी धाकटा भाऊ असलेली. शाळेचा मनोरा नदीपासून शंभर मीटर उंच आहे आणि त्याच्या टोकावर रात्रभर दिवा असतो. एवढ्या उंचीवरून क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरवर जाते, म्हणून तो दिवा चहूबाजूंना जवळजवळ चार हेक्सपर्यंत दिसतो, हे मी अभिमानाने गेम मास्टरच्या टिपणात लिहिले होते. तिने ते टिपण वाचलेले नव्हते, पण दिव्याचे वर्णन ऐकलेले होते. ती म्हणाली, ‘माझ्या भावाला अंथरुणातून हा दिवा दिसत असणार. सगळ्याच आजाऱ्यांना दिसत असणार. मग शाळेच्या दारात आत्ता किती माणसे उभी आहेत?’

धान्याचा हिशेब मी किलोपर्यंत केलेला होता. या प्रश्नासाठी माझ्याकडे एकही आकडा नव्हता. गेम मास्टरने अडखळायचे नसते, म्हणून मी जे पहिल्यांदा सुचले ते बोलून गेले: ‘कोणी नाही. पहारेकरी दारापाशी थांबू देत नाहीत.’

टेबलावर काही क्षण कोणीच बोलले नाही. मग दुसऱ्या खेळाडूने विचारले, पहारेकऱ्यांना हा हुकूम कोणी दिला. तिसऱ्याने विचारले, अध्यापकांना हे माहीत आहे का. उरलेला सव्वा तास बेपत्ता मुलीचा शोध कोणी घेतला नाही. त्यांनी दार उघडण्याचा प्रयत्न केला, आधी विनंतीने, नंतर चोरवाटेने, आणि शेवटी नावाड्याच्या मुलीने आपला शाळेचा झगा उतरवून पहारेकऱ्याच्या हातात दिला आणि ती घरी निघून गेली. मी अनेक वर्षे सत्रे चालवली आहेत, पण खेळाडूंनी माझ्या जगाला इतके गंभीरपणे घेतलेले क्वचितच पाहिले आहे, आणि त्या जगाविषयी इतके अस्वस्थही मी कधी झाले नव्हते.

सत्र संपल्यावर संपादक म्हणाले, ‘पाहिलेत ना, म्हणूनच शिखर बरे. तिथे हा प्रश्नच येत नाही.’ त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि तेच मला छळते आहे. शिखरावर दारात कोणी नसते, कारण तापाने फणफणलेले माणूस आठ दिवस चढत नाही. जे काम शहरात पहारेकरी करतात ते शिखरावर अंतर करते, आणि अंतराला कोणी जाब विचारत नाही. शाळा एकांतात ठेवण्याची जी सवय या प्रकारच्या कथांना आहे, तिचे कारण मी आजवर गूढता आणि सौंदर्य हेच मानत आले होते.

त्या रात्री मी उशिरा का होईना आकडे मांडले. आमच्या नियमांनुसार ताप उतरवणारा मंत्र वरिष्ठ अध्यापकांनाच येतो आणि तो दिवसातून दोनदाच म्हणता येतो. साठांपैकी बारा जण त्या दर्जाचे आहेत. म्हणजे दिवसाला चोवीस माणसे. शहराची वस्ती मी १८,००० लिहिली आहे, आणि साथ नदीकाठच्या एका वस्तीपुरती धरली तरी आजारी हजाराच्या आसपास जातात. शाळा दार उघडेल तर रोज चोवीस जणांना आत घेईल, बाकीच्यांना परत पाठवेल, आणि त्या दिवशी त्या बारा अध्यापकांकडून एकही विद्यार्थी काही शिकणार नाही. शिकवणे थांबले तर पुढच्या साथीला बाराचे तेराही होणार नाहीत. हे सगळे त्या टेबलावर सांगता आले असते. सांगितले असते तर नावाड्याची मुलगी थांबली असती का, हे मला ठरवता येत नाही. तिला शाळेची अडचण पटलीही असती, पण तिच्या भावाचा क्रमांक चोवीसांत आहे की नाही हे तिने पुढच्याच श्वासात विचारले असते.

शाळा शहरातच राहिली. मुखपृष्ठाचे चित्र आता उत्तरेकडच्या एका ओसाड मठाला दिले आहे, आणि प्रकाशकांनी ते नाराजीनेच मान्य केले. माझ्या वाट्याला अर्धे पान जास्त मिळाले असून त्यावर ‘शाळेचे दार’ अशी एक सारणी जायची आहे. पहिल्या स्तंभात साथीच्या दिवसांत दारात उभी असलेली माणसे आहेत: सहा बाजूंच्या चार फाशांची बेरीज गुणिले दहा. दुसऱ्या स्तंभात त्या दिवशी आत घेतली जाणारी माणसे आहेत, आणि तो आकडा चोवीसच्या वर कधीच जात नाही. तिसऱ्या स्तंभाला मी ‘कोण निवडतो, आणि कशावरून’ असा मथळा दिला आहे. त्याखाली रांगेतील क्रम, लहान मुले आधी, शुल्क भरणारे आधी, शाळेतील विद्यार्थ्यांचे नातलग आधी, असे पर्याय लिहून मी प्रत्येक पुन्हा खोडला आहे. मजकूर परवा द्यायचा आहे, आणि तो स्तंभ अजून कोरा आहे.