आठ आठवडे रक्त न चढवता

कमी जोखमीच्या मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या रक्तविकारात अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या बऱ्याच पेशी पक्व होण्याआधीच मरतात, त्यामुळे रुग्णाचा मुख्य जाच असतो तो रक्तक्षयाचा आणि त्यापायी वारंवार रक्त चढवून घेण्याचा. म्हणूनच या आजाराच्या औषधचाचण्यांत बहुधा सलग किमान ८ आठवडे रक्ताविना निभावले का, हे आधी पाहतात.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेडलिस्ट’ चाचणीत लुस्पॅटरसेप्ट हे औषध घेणाऱ्या ३८ टक्के रुग्णांना हे साधले, तर प्लासिबो, म्हणजे औषधाचा अंश नसलेला नकली डोस, घेणाऱ्या १३ टक्क्यांना. मला हा १३ चा आकडाच अधिक बोलका वाटतो. औषध नसतानाही हिमोग्लोबिन वरखाली होते, शिवाय ते किती उतरल्यावर रक्त द्यायचे हे डॉक्टरागणिक थोडे बदलते. तुलनेचा गट नसता, तर हे यशही औषधाच्याच खाती जमा झाले असते. इमेटेलस्टॅट या दुसऱ्या औषधाच्या चाचणीतही हे प्रमाण ४० विरुद्ध १५ टक्के होते. मात्र त्या औषधाने न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि प्लेटलेट बरेच घटतात, त्यामुळे रक्ताच्या पिशव्या वाचल्या तरी तपासण्यांच्या फेऱ्या चुकत नाहीत.

थकवा खरोखर कमी झाला का, हे मात्र रुग्णच सांगू शकतो, आणि त्याच्या त्या उत्तराला मुख्य निकषाच्या मागे दुय्यम स्थान मिळावे, हे मला पटत नाही.