दहा वर्षांनंतर किती रुग्ण जिवंत असतील?

सरकारी आरोग्यसेवेने कोणतं औषध घ्यावं हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेपुढे कॅन्सरचं नवं औषध येतं, तेव्हा हातात दोन-तीन वर्षांच्या चाचणीची आकडेवारी असते. प्रश्न मात्र रुग्णाच्या उरलेल्या सगळ्या आयुष्याचा असतो: या औषधाने आयुष्य किती वाढेल आणि त्यासाठी किती पैसे मोजावेत? पुण्यात बसून मी अशा अर्जांसाठी सांख्यिकी मॉडेल्स करते. हे काम मी शिकले ते मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवरच्या इपिलिमुमॅब या औषधाच्या चाचणीवर. 676 रुग्णांची ही चाचणी 2010 साली प्रसिद्ध झाली होती.

रुग्णनिहाय डेटा आम्हाला मिळत नाही, छापलेला काप्लान-मायर आलेख मिळतो, म्हणजे काळाबरोबर किती टक्के रुग्ण जिवंत राहिले हे दाखवणारी पायऱ्यापायऱ्यांची उतरती रेघ. तो स्क्रीनवर मोठा करायचा आणि पायरी-पायरीवर क्लिक करत बिंदू टिपायचे. हात जरा हलला की जगण्याचं प्रमाण मधेच वर चढलेलं दिसतं. ते कधीच शक्य नसल्यामुळे असे बिंदू एकेक करून काढावे लागतात. मग आलेखाखालच्या 'अजून निरीक्षणात असलेले रुग्ण' या ओळीशी मेळ घालत डेटा पुन्हा उभा करायचा. ती ओळ मी आता सगळ्यात आधी वाचते. आलेखाच्या टोकाची सपाट रेघ कधीकधी चार-पाच रुग्णांवरच उभी असते.

पुढची पायरी म्हणजे एक्स्पोनेन्शियल, वायबुल, गोम्पर्ट्झ, लॉग-नॉर्मल, लॉग-लॉजिस्टिक आणि जनरलाइज्ड गॅमा ही नेहमीची सहा वितरणं, म्हणजे गणिती वक्र, त्या डेटावर बसवून बघणं. 'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये ते काही मिनिटांत होतं. मग मी एआयसी, म्हणजे कोणता वक्र डेटाला जास्त जुळतो हे सांगणारा आकडा, बघत बसायचे. आमच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, एआयसी दिसलेल्या भागाबद्दल सांगतो. आपल्याला न दिसलेला भाग हवाय. साधं गणित हाताने करून बघ."

केलं. फक्त इपिलिमुमॅब घेतलेल्या गटाचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण दगावेपर्यंतचा काळ, 10.1 महिने होता. मृत्यूचा दर कायम तेवढाच धरला, तर वर्षाअखेर सुमारे 44 टक्के रुग्ण जिवंत राहायला हवेत. चाचणीत 45.6 होते, म्हणजे जवळजवळ तंतोतंत. दोन वर्षांना गणित 19 म्हणतं, प्रत्यक्षात 23.5. तीन वर्षांना गणित साडेआठावर येतं. पण 2015 साली इपिलिमुमॅब घेतलेल्या 1861 रुग्णांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्यात आधी उपचार झालेल्यांमध्येही तीन वर्षांचं प्रमाण 20 टक्के होतं. पहिल्या वर्षी इतकं चपखल बसणारं मॉडेल पुढे निम्म्याहून जास्त माणसं गमावतं! औषध परवडतं की नाही, हे याच फरकावर ठरतं.

तेव्हापासून मी आधी मृत्यूदराचा आलेख काढते. इपिलिमुमॅबसारख्या, शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढवणाऱ्या औषधांत (इम्युनोथेरपीत) तो सुरुवातीला चढा असतो, मग उतरत जातो. हे वळण पकडायला स्प्लाइन (तुकड्यातुकड्यांनी जोडलेला लवचीक वक्र) किंवा मिक्स्चर क्युअर मॉडेल (काही रुग्ण पूर्ण बरे झाले असं धरणारं) लागतं, आणि नाइसच्या 2020 च्या तांत्रिक मार्गदर्शनात दोन्हींची चर्चा आहे. क्युअर मॉडेलचा मोह मोठा आहे. पण निरीक्षण कमी काळाचं असेल, तर 'बरे झालेल्यांचं' प्रमाण त्या टोकाच्या मूठभर रुग्णांवर हेलकावे खातं. शिवाय त्याच वयाच्या सर्वसामान्य माणसापेक्षा कॅन्सरच्या रुग्णाचा मृत्यूदर कमी दाखवणारं मॉडेल मी डॉक्टरांपुढे ठेवूच शकत नाही, म्हणून जीवनसारणीतला, म्हणजे सर्वसामान्य लोकसंख्येचा वयानुसार मृत्यूदर त्यात घालावाच लागतो.

मेलानोमाच्याच 945 रुग्णांच्या चेकमेट 067 या चाचणीत, फक्त इपिलिमुमॅब घेतलेल्यांमध्ये पाच वर्षांचं प्रमाण 26 टक्के होतं आणि दहा वर्षांचं 19. म्हणजे आलेखाचं शेपूट सपाट नव्हतं, हळूहळू उतरत होतं. त्यात इतर आजारांचे आणि वयाचे मृत्यूही आलेच.

सध्या मी मुंबईच्या टाटा मेमोरियलची डोकं-मान कॅन्सरवरची 151 रुग्णांची चाचणी वाचते आहे. तीत नेहमीच्या तोंडी औषधांसोबत दर तीन आठवड्यांना अवघं 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, आणि एक वर्षाचं जगण्याचं प्रमाण 16.3 टक्क्यांच्या तुलनेत 43.4 टक्के झालं. आपल्याकडच्या रुग्णांना परवडू शकेल असा हा डोस आहे. पण या आलेखाला मेलानोमाचं शेपूट जोडून चालणार नाही. त्याला याच रुग्णांची पुढची वर्षं हवीत.